गाडीतला लाल दिवा खरा की खोटा?



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, ताई, हे गॅरेजवाल्याचं काम, आपला काय संबंध? मीही दीड वर्षापूर्वी हेच म्हणत होते. बी.ए.ला मराठी आणि इतिहास घेतलेल्या बाईनं रेडिएटरवर कशाला बोलायचं! पण आता आपल्या गटांच्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या आहेत. २०१७ पासून राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानात ‘आजीविका ग्रामीण एक्सप्रेस’ अशी योजनाच आहे, बचत गटाच्या बायांनी गाडी घ्यावी आणि गाव तालुक्याला जोडावं म्हणून. आमची गाडी मात्र त्या योजनेतली नाही. गटाची बचत आणि वरून बँकेचं कर्ज, असं करून आम्ही एक जुनी पिकअप घेतली. डाळ, पापड, शेवया, कधी दुसऱ्या गटाच्या शेळ्या, कधी लग्नाची भांडी, जे मिळेल ते भाडं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा कमी आणि आमचा जास्त होता. तेच आज सांगणार आहे.

गाडी आमच्यातलीच एक ताई चालवते. मार्च महिन्यात ती नांदुऱ्याहून रिकामी येत होती. येरळीच्या पुलावर, पूर्णा ओलांडताना, समोरच्या मीटरमध्ये एक लाल दिवा लागला. छोट्या टाकीचं चित्र, आत पाण्याच्या लाटा. तिनं पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली, मला फोन केला. मी म्हटलं, थांब, थंड होऊ दे, मग पाहा. अर्ध्या-पाऊण तासानं तिनं बॉनेट उघडलं. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी वरच्या खुणेपर्यंत होतं. काटाही मधोमध. गाडी नीट घरी आली. दिवा मात्र विझला नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीभाऊंनी टाकी पाहिली, काटा पाहिला आणि म्हणाले, “पानी तर फुल हाय ताई. दिवाच खोटा हाय. कायले टेन्शन घेता?” वर म्हणाले, नको असेल तर मीटर खोलून बल्बच काढून टाकतो, शंभर रुपये. आम्ही शंभर रुपये वाचवले. आमच्या ताईनं कपाळाची टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. “रात्री डोयात येते नं तो,” म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा हसले आणि गटाच्या बैठकीत सांगितलंही की दिव्याचं काही विशेष नाही. हे माझं वाक्य आमच्या कार्यवृत्ताच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

मे महिन्यात बुलढाण्याला माल न्यायचा होता. आपल्याकडून जिल्ह्याला जायचं म्हणजे नांदुरा, मोताळा आणि मग राजूर घाट. ऊन तुम्हाला सांगायला नको. गाडीत डाळीची पोती, मागे दोघीजणी, पुढे तिघी. घाटाच्या मध्यात ताईला गोडसर, उकळल्यासारखा वास आला. तिनं काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर, उलट थोडा खालीच. म्हणून ती आणखी दोन वळणं चढली. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली, इंजिन खडखडलं आणि गाडी थांबली. टिकलीखाली दिवा केव्हापासून लागलेला होता, नव्हे, तो लागलेलाच होता मार्चपासून. त्या दिवशी तो खरं सांगत होता एवढंच, आणि आम्हाला फरक कळायला मार्ग नव्हता.

हेड गॅस्केट जळलं. हेड काढून घासून आणावं लागलं, ज्याला फेसिंग म्हणतात. ओढून आणायचा खर्च धरून २७,००० रुपये. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, त्यामुळे ते तीन महिने आम्ही अंतर्गत कर्ज वाटलं नाही. एका सभासद ताईच्या मुलीची कॉलेजची फी होती, तिला नाही म्हणावं लागलं. बैठकीत एकजण म्हणाली, चालवणारीनं पैसे भरावेत. दुसरी म्हणाली, टिकली लावली तेव्हा सगळ्या दात काढत होतो ना? मग वही उघडली. माझं वाक्य निघालं. त्यावर फार बोलणं झालं नाही. खर्च गटाचा ठरला आणि मला सांगण्यात आलं की आता हे समजून घे आणि आम्हालाही सांग.

तर जे समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट काट्याची, कारण ती मला सर्वांत जास्त टोचली. काटा खाली होता आणि इंजिन जळत होतं, हे कसं? काट्याचा सेन्सर इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो. तो पाण्याची गरमी सांगतो. पाणीच गळून गेलं की तो कोरड्यात लटकतो आणि काटा वर चढायचं विसरतो, कधी खालीही येतो. म्हणून पाण्याची पातळी सांगणारा दिवा आणि गरमी सांगणारा काटा ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजा. एकानं सांगितलेलं दुसऱ्याच्या गप्प बसण्यानं खोटं ठरत नाही. टाकीचं चित्र असलेला दिवा म्हणजे पातळी. थर्मामीटर पाण्यात उभा केल्यासारखं चित्र असेल तर गरमी. काही गाड्यांना काटाच नसतो. त्यांत हेच थर्मामीटरचं चित्र सकाळी निळं लागतं, म्हणजे इंजिन थंड आहे, आणि लाल लागलं तर फार गरम. काही जुन्या गाड्यांत दोन्ही कामांना एकच दिवा असतो. तुमच्या गाडीत कोणता आहे ते गाडीच्या पुस्तकात असतं. पुस्तक नसेल तर जुनी गाडी घेताना ते मागून घ्या, आम्ही घेतलं नव्हतं.

आपल्याच तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. ते पुढच्या वर्षाचं. गाडीचा दिवा भाकीत करत नाही, या घडीला काय आहे तेवढंच सांगतो. म्हणून चालत्या गाडीत दिवा लागला तर आधी तो खराच आहे असं धरायचं. खोटा ठरवायला नंतर घरी वेळ आहे.

रस्त्यात काय करायचं? एसी असेल तर बंद. जागा पाहून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बाजूला जायला थोडं अंतर असेल आणि गाडीत हीटर असेल, तर तो पूर्ण चालू करा. मे महिन्यात वेडेपणा वाटेल, पण इंजिनाची थोडी गरमी तिकडून बाहेर पडते. वाफ दिसत असेल तर बॉनेट लगेच उघडू नका.

आणि झाकण. रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. कुकर आपण सगळ्या वापरतो. शिट्टी न काढता झाकण ओढलं तर काय होतं ते माहीत आहे. गाडीतही तेच तत्त्व आहे. पाणी मोकळ्यावर १०० अंशांना उकळतं. गाडीचं झाकण आत साधारण एका वातावरणाएवढा जास्तीचा दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. पदर गुंडाळून झाकण फिरवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पदरानं वाफ अडत नाही. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड रबरी पाइप फडक्यानं दाबून पाहा. कडक असेल तर दाब अजून आहे. मऊ, थंड झाला तर मग झाकण आधी थोडंसं सैल करा, फुस्स आवाज थांबू द्या, मग काढा. आणि तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. काचेच्या तापल्या ग्लासात थंड पाणी घातल्यासारखंच.

बायांसाठी आणखी एक. बॉनेटखाली वाकताना पदर कमरेला खोचा, वेणी आत घ्या, ओढणी काढून ठेवा. विजेवर चालणारा पंखा असेल तर काही गाड्यांत चावी बंद असतानाही तो अचानक फिरायला लागतो.

आता घरची तपासणी. ती सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सपाट जागेवर करायची. टाकीवर कमी-जास्तच्या दोन खुणा असतात, पातळी त्यांच्या मधे हवी. इथे एक फसवणूक आहे. काही गाड्यांत ही टाकी दाबाखालची मुख्य टाकी असते, तिच्यात दिसतं ते खरं. काही जुन्या गाड्यांत ती नुसती राखीव बाटली असते आणि दाबाचं झाकण वेगळं, रेडिएटरवर असतं. अशा गाडीत ते झाकण सैल झालं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. म्हणून थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून आत पाणी काठोकाठ आहे का तेही पाहायचं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर नवीन घ्या. स्वस्त असतं आणि त्यावर बरंच अवलंबून असतं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. शेणानं सारवलेल्या अंगणात गळती कळत नाही, पुठ्ठ्यावर डाग स्पष्ट दिसतो. डाग कुठे आहे त्यावरून वर पाहा. पाइपाची क्लिप, रेडिएटरचा तळ, पाण्याचा पंप. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील जात चाललं आहे. पंपाला पट्टा फिरवत असेल तर तो ढिला किंवा चिरलेला नाही ना तेही पाहा. पांढरी, हिरवी किंवा तांबूस सुकलेली रेघ म्हणजे तिथून पाणी येऊन वाळलं आहे. मग ऑइल टाकायचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखं पिवळट-पांढरं काही असेल तर पाणी ऑइलमध्ये जात असण्याचा संशय घ्यायचा. पावसाळ्यात, थोडंथोडंच चालणाऱ्या गाडीत थोडी साय नुसत्या दमटपणानंही येते. पण पाणी रोज कमी होतंय, गळती कुठे दिसत नाही आणि सायही आहे, अशी तिन्ही लक्षणं एकत्र आली तर गाडी चालवू नका.

हे सगळं नीट असेल, इंजिन गरम झाल्यावर पंखा लागत असेल, दोन-तीन दिवस पातळी केसभरही हलली नसेल आणि तरी दिवा लागलेला असेल, तेव्हा म्हणायचं की दिवा खोटा. मिस्त्रीभाऊंनी आणि आम्ही एका नजरेत म्हटलं होतं, तसं नाही. आणि खोटा ठरला तरी काम संपत नाही, तिथून सुरू होतं. तो खोटं का बोलतोय?

गाडी दुरुस्त होऊन आली तरी आमचा दिवा लागलेलाच होता, तेव्हा आम्ही वायरिंगच्या कामात मुरलेल्या एका दादांना बोलावलं. त्यांनी आधी चावी एक टप्पा फिरवली, इंजिन सुरू न करता. समोरचे बहुतेक लाल दिवे एकदा लागले पाहिजेत आणि गाडी सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा या वेळी लागतच नाही त्याचा बल्ब गेला किंवा कुणीतरी काढला. पातळीचा दिवा काही गाड्यांत या तपासणीत लागत नाही, तो भाग वेगळा. पण जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा चावी फिरवून ऑइलचा, बॅटरीचा दिवा लागतो का ते जरूर पाहा. न लागणारा दिवा हा लागलेल्या दिव्यापेक्षा वाईट.

मग त्यांनी टाकीच्या बुडाशी असलेला दोन तारांचा छोटा प्लग काढला. आमच्या गाडीत प्लग काढताच दिवा विझला. याचा अर्थ तारा आणि मीटर ठीक, टाकीतला सेन्सरच ‘पाणी कमी’ म्हणून सांगतोय. प्लग काढूनही दिवा तसाच राहिला असता तर तार कुठेतरी घासून गाडीच्या पत्र्याला टेकली आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे असं धरावं लागलं असतं. उंदीर तारा कुरतडतात. कणग्यांजवळ गाडी उभी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. काही गाड्यांत याच्या उलट असतं, प्लग काढला की दिवा लागतो. तेव्हा तारांच्या बाजूच्या दोन पिना एका लहान तारेनं जोडून पाहतात. हे मात्र माहितगाराकडून शिकून घेऊनच करा, कारण भलत्या पिना जोडल्या तर फ्यूज उडतो. प्लगच्या आत हिरवट बुरशीसारखा गंज असेल तर तो घासून साफ केला तरी कधीकधी काम होतं.

ज्यांच्या गाडीत दिव्याऐवजी काटा खोटं बोलतो त्यांच्यासाठी दादांनी तीन खुणा सांगितल्या. हेडलाइट लावल्याबरोबर गरमीचा काटा वर उडत असेल तर दोष इंजिनात नाही, अर्थिंगच्या तारेत आहे. ती तार जिथे पत्र्याला बोल्टनं बसवलेली असते तिथे गंज चढलेला असतो. जुन्या गाडीत गरमीचा आणि डिझेलचा, दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवू लागले तर मीटरमधला व्होल्टेज सांभाळणारा लहान भाग गेलेला असतो. थंड गाडीत चावी फिरवताच काटा थेट लालमध्ये गेला तर सेन्सर बिघडला किंवा त्याची तार पत्र्याला टेकली. सकाळी ६ वाजता रात्रभर उभी गाडी उकळत नसते, हे तर कुणालाही कळेल.

गरमीचा सेन्सर तपासायची त्यांची रीत मला फार आवडली, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. सेन्सर काढून त्याचं टोक पाण्याच्या पातेल्यात धरायचं, मल्टिमीटर लावायचा आणि पातेलं गॅसवर ठेवायचं. साध्या पाण्यात मीटर हजारांत आकडा दाखवतो, पाणी तापत जाईल तसा तो उतरत शेकड्यांत येतो. आकडा हळूहळू उतरला तर सेन्सर चांगला. एकाच जागी अडला किंवा मधेच उडी मारली तर बाद. मात्र ते पातेलं पुन्हा दुधाला वापरू नका.

आता आमच्या टाकीकडे येते. सेन्सर बाद असेल म्हणून दादांनी टाकी काढली. या प्रकारात टाकीच्या आत एक तरंगणारा बोंडासारखा फ्लोट असतो, त्यात लोहचुंबक. पाणी असलं की तो वर तरंगतो, पाणी उतरलं की खाली बसतो आणि खालच्या स्विचला खुणावतो. त्यांनी टाकी उपडी केली, हलवली. फ्लोट हललाच नाही. टॉर्चनं पाहिलं तर बुडाशी पांढरा-तांबूस थर बसला होता आणि फ्लोट त्यात चिकटून बसला होता. टाकी भरलेली असो की रिकामी, तो खालीच. सेन्सर बिचारा चांगला होता.

आणि हा थर आपण सगळ्या ओळखतो. पाणी तापवायच्या रॉडवर, हंड्याच्या तळाला, माठाच्या बाहेर जो बसतो तोच. आपला भाग पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यातला. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठानं हा खारपाणपट्टा गेला आहे. प्यायच्या पाण्यासाठी आपल्या बायांनी किती वणवण केली ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि आम्ही काय केलं होतं? गाडी घेतल्यापासून पातळी जरा उतरली की हापशीचं पाणी तांब्यानं ओतत होतो. जे पाणी आपण स्वतः प्यायला नको म्हणतो ते रेडिएटरला पाजत होतो.

खारं पाणी दोन कामं करतं. तापलं की त्यातला चुना सुटून थर बसतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि टाकीत. आणि त्यातलं मीठ धातू खातं, ॲल्युमिनिअम तर फारच. राजूर घाटात आमचा जो पाइप सुटला त्याचं रबर चांगलं होतं. पाइप ज्या धातूच्या तोंडावर बसतो ते तोंडच मिठानं खाल्लं जाऊन खडबडीत झालं होतं, त्यामुळे क्लिप कितीही आवळली तरी बारीक झिरपत होती आणि चढाला दाब वाढल्यावर निसटली. म्हणजे मार्चमध्ये ज्या दिव्याला आम्ही खोटा म्हटलं त्याचा दोष आणि मेमध्ये झालेल्या नुकसानीचा दोष एकाच पाण्यातून आला होता. मार्चमध्येच कुणी टाकी काढून पाहिली असती तर थर दिसला असता, थर पाहून पाइप उघडले असते. टाकी काढून पाहायला मजुरी किती लागते? त्या दिवशी दादांनी २०० रुपये घेतले.

टाकी आम्ही घरी धुतली. लिंबूफूल गरम पाण्यात विरघळवून रात्रभर आत ठेवलं, सकाळी थर सुटला, मग चार-पाच वेळा स्वच्छ पाण्यानं आणि शेवटी डिस्टिल वॉटरनं खळाळली. हे फक्त गाडीतून काढलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीचं सांगते. इंजिनात लिंबूफूल ओतू नका, रेडिएटर गॅरेजमध्येच साफ करून घ्या.

पाण्याचं म्हणाल तर कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल वॉटर. कूलंटच्या कॅनवर नीट वाचा. काही कॅन तयार मिश्रणाचे असतात, तसेच ओतायचे. काही घट्ट असतात, त्यात डिस्टिल वॉटर मिसळायचं असतं, साधारण निम्मं-निम्मं. जास्त घातलं म्हणजे जास्त थंड, असं नाही. नुसतं घट्ट कूलंट पाण्यापेक्षा कमी गरमी वाहून नेतं. वेगवेगळ्या रंगाचे एकत्र करू नका, आणि रंग सारखा म्हणून जातही सारखी असेल असं समजू नका. रस्त्यात अडलात तर फिल्टरच्या कॅनचं पाणी हापशीपेक्षा बरं. काहीच नसेल तर हापशीचं घालून घरी या, पण मग ते काढून टाकायचं आहे हे वहीत लिहा. आणखी एक सल्ला तुम्हाला गॅरेजात मिळेल, की उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहते. मला तो पटत नाही. इंजिनाला ठरावीक गरमी लागतेच, आणि असं काढून टाकत गेलं की शेवटी गाडीत सांगणारं कोणी उरत नाही.

कूलंटबद्दल एक फार गंभीर गोष्ट आहे, आणि ती गाडी नसलेल्या घरांनीही ऐकावी. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि जहाल विष आहे. रंग सरबतासारखा. उरलेलं कूलंट थंड पेयाच्या बाटलीत भरून ओसरीवर ठेवायची आपल्याकडे वाईट सवय आहे. लेकरानं घोटभर घेतलं तर आधी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या देतं, मग काही तास बरं वाटतं की काय असं होतं आणि आत मूत्रपिंडं निकामी होत असतात. लक्षणं दिसायची वाट पाहायची नाही, घरी उलटी करवायची नाही, कॅन सोबत घेऊन थेट दवाखाना गाठायचा. यावर औषध आहे, पण ते लवकर मिळालं तरच. कुत्री, मांजरं, शेळ्या, वासरं यांनाही ते तसंच मारतं. जुनं कूलंट विहिरीकडे, नालीत, उकिरड्यावर ओतू नका, ते बंद कॅनमध्ये गॅरेजला द्या. अंगणात सांडलं तर माती टाकून, खरवडून, भरपूर पाण्यानं धुवा. आमच्या गाडीचा कॅन आता कुलपाच्या पेटीत असतो आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून वर कवटी काढली आहे, वाचता न येणाऱ्या आजींसाठी.

वहीचं सांगून थांबते. गाडीत एक साधी वही आहे. दर सोमवारी सकाळी थंड गाडीची पातळी खुणेपासून किती, ते बोटांच्या मापानं लिहायचं, आणि पाणी घातलं असेल तर किती आणि कुठलं. लाल दिवा लागला तर तारीख, जागा, चढ होता की सपाट, काटा कुठे होता. आमच्या ताईचं शिक्षण सातवीपर्यंतचं आहे, ती हे सगळं दोन ओळींत लिहिते. कुठलाही दिवा खोटा आहे हे आता एकटी व्यक्ती ठरवत नाही, मीही नाही. बैठकीत वही उघडून ठरतं, आणि खोटा ठरला तर दुरुस्तीची तारीख त्याच दिवशी लागते. त्यासाठी दर भाड्यामागे २० रुपये वेगळे ठेवतो.

सप्टेंबरात नांदुऱ्याच्या मोठ्या हनुमानापाशी तो दिवा पुन्हा लागला. टिकली केव्हाच काढली आहे, पण काचेवर तिच्या डिंकाचा गोल डाग राहिला आहे, त्यातून दिवा जरा धूसर दिसतो. ताई थांबली, पाऊण तास झाडाखाली बसली, पाहिलं तर पातळी खालच्या खुणेच्या दोन बोटं खाली. नव्या पाइपाची क्लिप सैल झाली होती. तिनं पेचकस काढला, क्लिप आवळली, पेटीतलं मिश्रण भरलं आणि बाजार उठायच्या आत माल पोचवला. त्या दिवशीची नोंद वहीत आहे, मी वाचली. शेवटी लिहिलंय, “दिवा खरा होता.”

टायरच्या हवेबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं आहे, ते पुढच्या वेळी.